मिल्काला चढ चालत नाही

ॲग्नेस : ‘मिल्काला चढावर उभी करायची नाही, ॲग्नेस. चढावर नाही, उतारावर नाही. दुधाचा भरलेला पेला नेतात तशी आण तिला.’ लिओनाचे अगदी हेच शब्द, एमिल. मुलाकडे कायमची राहायला निघाली, त्याच्या गाडीत बसली, काच खाली केली आणि एवढंच बोलली. मी हो म्हटलं.

एमिल : तू म्हटलंस. मी कुठे होतो तेव्हा?

ॲग्नेस : तिची कपाटं बांधत होतास. तूही हो म्हणालास.

एमिल : माझ्या दातांत दोरी होती. तोंडात दोरी असताना माणूस जे बोलतो ते धरून बसायचं नसतं.

ॲग्नेस : माझ्या तोंडात काही नव्हतं. गवत कापायच्या आत तुझी घोडी तुझ्या दारात, असं मी माझ्या बहिणीला म्हटलंय. बाहेर बघ. गवत गुडघ्याला लागलंय.

एमिल : निघालो होतो की आपण मार्चमध्ये.

ॲग्नेस : निघालो आणि ओढ्याच्या पुलापर्यंत गेलो. मागे जाऊन बघते तर बिचारी कुत्र्यासारखी मागच्या पायांवर बसलेली.

एमिल : बसली होती, मान्य. पण चेहरा शांत होता.

ॲग्नेस : चेहरा माझ्या बाजूला होता, एमिल. शांत नव्हता. तेव्हापासून ट्रेलर दिसला की ती झाडामागे जाऊन उभी राहते.

एमिल : आणि झाड तिच्या निम्म्यानेसुद्धा रुंद नाही. पुढून मुंडी दिसते, मागून शेपूट. आपण लपलोय असं तिला मनापासून वाटतं.

ॲग्नेस : हसू नकोस.

एमिल : हसत नाही. माझ्या काकाचीही तीच पद्धत होती, कामाच्या वेळी.

ॲग्नेस : काल लिओनाच्या मुलाचा फोन आला. त्याने घोडीसाठी कप्पा बांधून ठेवलाय, पेंढा पसरलाय. लिओना रोज दुपारी खुर्ची घेऊन त्या रिकाम्या कप्प्यात जाऊन बसते. ‘जागा राखतेय’ म्हणते. जेवायला हाक मारली तरी येत नाही.

एमिल : साखर कुठे आहे?

ॲग्नेस : ऐकतोयस ना?

एमिल : ऐकतोय. म्हणून तर कॉफी ढवळतोय.

ॲग्नेस : तुझा ट्रक उंच आहे.

एमिल : माझा ट्रक बरोबर आहे. ट्रेलर बुटका आहे.

ॲग्नेस : ट्रेलर लिओनाच्या नवऱ्याचा आहे आणि मिल्का त्याच्याशिवाय कशात चढली नाही कधी. तुझा ट्रक ट्रेलरची मान, हौद्यात अडकतो तो पुढचा दांडा, धरून वर उचलतो. मान वर, शेपूट खाली. मग मिल्काचं सगळं वजन मागच्या पायांवर. त्यातला एक दुखरा.

एमिल : मग ट्रेलरची मान आखूड करू. खाली ओढून घेऊ.

ॲग्नेस : केली होतीस. फाटकाच्या चरातून जाताना ती मान तुझ्या हौद्याच्या कडेवर आपटली. त्या पोचाला तू आठवडाभर कापडाने पुसत होतास, जणू पुसून जाणार होता.

एमिल : बरं, ट्रेलर उंच करू.

ॲग्नेस : आणि ती चढेल कशी त्यात? शिडी लावून?

एमिल : कुणाचा तरी बुटका ट्रक मागू.

ॲग्नेस : कुणाचा? या अख्ख्या तालुक्यात एक तरी बुटका ट्रक आहे? फादरसुद्धा त्यांच्या ट्रकमध्ये चढताना आधी क्रूसाची खूण करतात.

एमिल : म्हणजे तू काय सुचवते आहेस ते मला कळत नाहीये.

ॲग्नेस : कळतंय. म्हणून तर तू तिसऱ्यांदा साखर घातलीस कॉफीत.

एमिल : ॲग्नेस, ट्रक उतरवत नाहीत. ट्रक चढवतात. मी चार इंच जास्तीचे चढवून घेतलेत त्याला. टेक्सासमध्ये ट्रक खाली आणणारा माणूस तू पाहिलायस? गुरुवारी डॉमिनो खेळायला जातो तेव्हा फ्रँकचा ट्रक, ओटोचा ट्रक, माझा ट्रक, ओळीने उभे असतात. मी खिडकीतून बघतो. माझं टप सगळ्यांत वर असतं.

ॲग्नेस : तुझं टप वर असतं. आणि मी?

एमिल : तू काय?

ॲग्नेस : मी दूध काढायचं स्टूल दोरीला बांधून ठेवलंय. दार उघडायचं, स्टूल ठेवायचं, त्यावर चढायचं, आत बसायचं, मग दोरीने स्टूल वर ओढून मांडीवर घ्यायचं. चर्चपाशी उतरताना पुन्हा सोडायचं. विहिरीतून पोहरा काढावा तशी मी मिस्साला येते.

एमिल : लोकांना कौतुक वाटतं त्याचं.

ॲग्नेस : लोक दोरीची लांबी बघतात.

एमिल : मला विचार करायला वेळ दे.

ॲग्नेस : घे ना. मी नऊ दिवसांची नोव्हेना धरलीय. आज सहावा दिवस.

एमिल : माझ्याविरुद्ध?

ॲग्नेस : तुझ्यासाठी.

एमिल : कुणाला धरली आहेस?

ॲग्नेस : सेंट एलिजियसना.

एमिल : ते घोड्यांचे संत की मेकॅनिकांचे?

ॲग्नेस : दोघांचेही.

एमिल : मग माझ्या बाजूने कोण उरलं वर?

ॲग्नेस : मी तुझ्या बहिणीला, व्लास्ताला, वर्कशॉपमध्ये फोन करू का?

एमिल : ... कर. पण एक अट. कुणाला कळता कामा नये. आपण तिघं, आणि ते संत. गावात एकाही माणसाला सांगायचं नाही.

ॲग्नेस : मी एक शब्द बोलणार नाही.

* * *

व्लास्ता : ये, भाऊ, बस. रडायचं असेल तर तिथं मागे टायरांवर बस. इथं तेल आहे.

एमिल : मी बघायला आलोय, रडायला नाही. तू सांभाळून कर म्हणजे झालं.

व्लास्ता : नवरा गेल्यापासून मी एकटी हे वर्कशॉप चालवतेय. स्प्रिंगा, पाटे, ॲक्सल, सगळं. अजून एकही ट्रक दगावलेला नाही. ॲग्नेस, वहिनी, तो दिवा धर जरा. हे बघ. हा ॲक्सल, हे वरचे पाटे. आणि मधे हा ठोकळा. एमिलचा गर्व म्हणतात तो हा.

ॲग्नेस : केवढा आहे.

व्लास्ता : दोन आहेत. दोन्ही चाकांवर एकेक. कंपनीने एक छोटा दिला होता, ह्याने वर मोठा घालून घेतला. दोन्ही काढते आणि इवलासा घालते. मागची बाजू खाली बसेल.

एमिल : आणि पुढची?

व्लास्ता : पुढची तशीच ठेवली तर ट्रक मिल्कासारखा दिसेल, पुलावर दिसली होती तसा. पुढच्या स्प्रिंगाही आखूड घालायच्या. शॉक ॲब्सॉर्बरही आखूड. मग पुढचा ॲक्सल जरासा एका बाजूला सरकतो, तो परत मध्यावर आणायचा. दिव्यांची तोंडं खाली करायची.

एमिल : दिवे आहेत ते चांगले आहेत.

व्लास्ता : तुझे दिवे आजवर घुबडांच्या डोळ्यांत जात होते. आता रस्त्यावर पडतील. नवल वाटेल तुला, रस्ता बघून.

ॲग्नेस : आणि ट्रेलरची मान आपटणार नाही ना परत? हौद्यावर?

व्लास्ता : नाही. मान खाली ओढली तर आपटते, वहिनी. इथं अख्खा हौदाच खाली जातोय, मान त्याच्याबरोबर. दोघांतली वीतभर फट आहे तशीच राहते. म्हणून तर ट्रकच उतरवायचा असतो. हे याला मी मार्चमध्येच सांगितलं होतं.

ॲग्नेस : मार्चमध्ये?

एमिल : व्लास्ता, तुझा पाना पडलाय तिथं.

ॲग्नेस : एमिल. तुला मार्चपासून माहीत होतं?

एमिल : कानावर आलं होतं. मी त्यावर मनन करत होतो.

व्लास्ता : चार महिने मनन. एवढ्यात मठात जागा मिळाली असती तुला.

ॲग्नेस : मला रागवायचंय, पण नोव्हेना चालू आहे. संपली की रागवेन.

एमिल : कधी संपते?

ॲग्नेस : शनिवारी.

एमिल : मग मी शनिवारी मासे पकडायला जातो.

व्लास्ता : निघाला ठोकळा. घे, भाऊ. धर हातात. जड आहे.

एमिल : हा मी घरी नेईन.

व्लास्ता : कशाला?

एमिल : माझा आहे म्हणून.

व्लास्ता : ने. जिरेनियमची कुंडी ठेव त्यावर. कुंडीचं टप सगळ्या कुंड्यांत वर दिसेल.

ॲग्नेस : व्लास्ता, हसू नकोस गं, त्याचे कान लाल झालेत. अगं बाई, मलाच हसू येतंय. एमिल, तो ठोकळा बाळासारखा धरू नकोस ना, मला बघवत नाही.

व्लास्ता : आता ट्रेलर जोडूया. एमिल, मागे घे. अजून. थांब. ही पाणसळ ठेवली ट्रेलरच्या जमिनीवर. वहिनी, बुडबुडा बघ.

ॲग्नेस : मध्यावर आहे.

व्लास्ता : अगदी मध्यावर?

ॲग्नेस : दोन रेघांच्या बरोब्बर मधे. व्लास्ता, किती गोड दिसतोय गं. शांत बसलाय.

एमिल : झालं तर मग. घोडी भरा.

व्लास्ता : झालं कुठे. हा रिकामा ट्रेलर आहे. आत घोडी उभी राहिली की पाटे दबणार, बुडबुडा सरकणार. मिल्काच्या वजनाएवढं काहीतरी आत भरून बघायला हवं. मगच कळेल हा इवलासा ठोकळा राहू द्यायचा की बदलायचा.

एमिल : मिल्काच घाल ना.

ॲग्नेस : मिल्का झाडामागे आहे. ती एकदाच चढणार. तेव्हा जमीन सपाट नसली तर पुन्हा जन्मात चढणार नाही.

व्लास्ता : अकराशे पौंड धर तिचे. अकराशे पौंड काहीतरी हवं, आणि हलणारं. घोडी काही पुतळा नसते.

ॲग्नेस : मला एक सुचतंय.

व्लास्ता : माझ्याही तेच मनात आलं.

एमिल : नाही. मी नाही म्हणतो. तुम्ही काय म्हणणार आहात ते मला माहीत आहे आणि मी आधीच नाही म्हणतो.

ॲग्नेस : चर्चच्या महिला मंडळाला सांगू.

एमिल : कुणाला कळता कामा नये म्हणालो होतो मी.

ॲग्नेस : मी कशासाठी ते नाही सांगणार. रविवारी मिस्सानंतर सगळ्यांनी धान्याच्या गिरणीच्या आवारात या, खायला गोड कोलाचे-पाव घेऊन या, आणि ट्रेलरमध्ये उभ्या राहा, एवढंच सांगेन. विचारणार नाहीत त्या. मंडळाच्या बायका आहेत, एमिल. मागे विहीर खचली तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं.

* * *

व्लास्ता : सगळ्या चढल्या का?

ॲग्नेस : चढल्या. ल्युडमिला आहे, जॉर्जिया आहे, कुबेनांच्या तिघी जावा आहेत, मिसेस ओर्साक आहेत. आणि मी. व्लास्ता, ल्युडमिला विचारतेय, हात कुठे धरायचा?

व्लास्ता : घोडी कुठे हात धरत नाही. नुसतं उभं राहा म्हणावं.

ॲग्नेस : जॉर्जिया विचारतेय, वजन कुणाचं कुणाला कळणार नाही ना?

व्लास्ता : म्हणून तर गिरणीच्या ट्रककाट्यावर उभं केलंय सगळ्यांना एकदम. ट्रक, ट्रेलर, बायका, कोलाचे, सगळं मिळून एकच आकडा येणार. त्यातून रिकाम्या ट्रक-ट्रेलरचा आकडा वजा. कुणाचं किती ते देवाला ठाऊक. एमिल वर केबिनमध्ये आहे, तो आकडा वाचेल आणि हाताने खुणा करेल. आज गिरणी बंद आहे, त्यामुळे ओरडावं लागत नाही.

ॲग्नेस : एमिलला तिथली बटणं कळतात का?

व्लास्ता : आकडा आपोआप दिसतो. बटणाला हात लावू नकोस, एवढंच सांगितलंय त्याला.

एमिल : ...उकडतंय फार इथं. पंख्याचं बटण कुठलं असेल. हे दिसतंय. नाही, हे नव्हे वाटतं.

ॲग्नेस : व्लास्ता, हा आवाज कुठून येतोय?

व्लास्ता : छपरावरून. भोंग्यातून. शेतकऱ्यांच्या गाड्यांना ज्या भोंग्यावरून नंबर पुकारतात ना, त्यातून.

एमिल : काय पण दिसतोय माझा ट्रक वरून. बसका. बेडकासारखा. फ्रँकने बघितला तर मला गावात राहता येणार नाही.

ॲग्नेस : एमिल, तुझा आवाज...

व्लास्ता : ऐकू जात नाही त्याला. काच बंद आहे. भोंगा मात्र थेट चौकातल्या कॅफेपर्यंत ऐकू जातो. आणि रविवारी या वेळेला फ्रँक तिथंच असतो.

एमिल : पण खरं सांगायचं तर वाईट नाही दिसत. ट्रेलर कुल्ल्यांवर बसलेल्या बैलासारखा वाटायचा आधी. आता उभा वाटतो. ॲग्नेसला स्टूल लागणार नाही आता. सकाळी नुसता पाय टाकून आत बसली ती. मी बघितलं. स्कर्ट सावरला आणि बसली, तरुणपणी नाचाच्या हॉलवर जाताना बसायची तशी. बरं वाटलं. हे मी तिला काही सांगायचो नाही. शेफारेल.

व्लास्ता : वहिनी? सगळ्या एकदम गप्प का झाल्या गं आत?

ॲग्नेस : काही नाही. मिसेस ओर्साकनी मला त्यांचा रुमाल दिलाय.

व्लास्ता : रडतेयस?

ॲग्नेस : हसतेय. दोन्ही. कुबेनांची धाकटी म्हणतेय, बाकीचंही बोलू दे त्याला, थांबवू नका.

एमिल : हां, आकडा आला. यातून तो रिकामा वजा. हातचा एक. चौदाशे. हे कसं काय? अकराशे पाहिजेत ना. चौदाशे. मिल्का सव्वा घोडी झाली.

ॲग्नेस : व्लास्ता, त्याला थांबव.

एमिल : म्हणजे निदान दोघींनी उतरायला हवं. कोणत्या दोघी ते मी सांगणार नाही. मला गुरुवारी त्यांच्या नवऱ्यांसमोर बसायचंय. तरी अंदाज आहे मला. ल्युडमिला म्हणजे...

व्लास्ता : एमिल. अरे ए एमिल. बटण. बटण सोड. वर बघ, माझ्याकडे बघ. बटण.

एमिल : व्लास्ता खालून हात का हलवतेय? उतरू का? नको? भोंगा? कुठला भोंगा? ... हा भोंगा?

ॲग्नेस : हो रे बाबा. तोच.

एमिल : ... सुप्रभात मंडळी. गिरणी आज बंद आहे.

* * *

व्लास्ता : झालं ते झालं. कान थंड झाले का, भाऊ? आता हातातलं काम. वहिनी, बुडबुडा कुठे आहे?

ॲग्नेस : पुढे गेलाय. नाही, मागे. ट्रेलरचं नाक खाली दिसतंय.

व्लास्ता : कारण सगळ्या जणी पुढच्या कोपऱ्यात गोळा झाल्यात. मिल्का मागच्या कप्प्यात उभी असते. मागे सरका.

ॲग्नेस : पुढे सावली आहे म्हणतात. आणि कोलाचेची टोपली पुढे आहे.

व्लास्ता : टोपली मागे आण.

ॲग्नेस : आणली. सरकल्या. सगळ्या सरकल्या. व्लास्ता, बुडबुडाही सरकला.

व्लास्ता : दोघी उतरल्या?

ॲग्नेस : कुणालाच उतरायचं नाहीये. जी उतरेल ती जड ठरेल. शेवटी मी आणि मिसेस ओर्साक उतरलो. त्या म्हणाल्या, या वयात मला कुणी काही म्हणा.

व्लास्ता : आता जरा हलायला सांग त्यांना. वळणावर घोडी हलते तसं. डावीकडे. उजवीकडे.

ॲग्नेस : त्या पोल्का नाचतायत.

व्लास्ता : पोल्का नको, पाटे तुटतील. नुसतं हलायचं. हां. बास. एमिल, तूच बघ पाणसळ. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

एमिल : मध्यावर.

व्लास्ता : परत.

एमिल : मध्यावर आहे. सपाट आहे. टेबलासारखं. ठोकळा बरोबर आहे, माझी बहीण हुशार आहे आणि माझा ट्रक बुटका आहे. झालं समाधान?

व्लास्ता : झालं.

एमिल : मला एक विचारायचंय. केबिनमध्ये बसलो होतो तेव्हा समोर ते मोठं शेड दिसत होतं.

व्लास्ता : मग?

एमिल : त्यात काय आहे?

व्लास्ता : पेंड. मका. पोती.

एमिल : पन्नास पौंडांची पोती. प्रत्येकावर वजन छापलेलं. हजारभर तरी असतील, ट्रेलरपासून वीस पावलांवर.

व्लास्ता : पंधराच असतील.

एमिल : मी नुसतं म्हणतोय.

ॲग्नेस : खरंच की रे. व्लास्ता, आपल्या डोक्यात कसं नाही आलं?

व्लास्ता : कसं येणार? आपल्याकडे काही अडलं की मंडळाला फोन जातो. पोत्यांना कोण फोन करतं?

एमिल : म्हणजे माझी सगळी अब्रू गेली ती उगाचच.

ॲग्नेस : सगळी नाही गेली. फ्रँक आला होता आत्ता. ट्रकभोवती दोन फेऱ्या मारल्या. त्याच्या बायकोने त्याला दार उघडून दाखवलं आणि पाय टाकून आत बसून दाखवलं. मग उतरली, परत बसली. काही बोलली नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

व्लास्ता : त्याने मला सोमवारची वेळ मागितलीय. म्हणाला, एमिलला सांगू नकोस.

* * *

एमिल : ॲग्नेस? उजाडलं नाही नीट अजून. कुंपणापाशी काय करतेयस?

ॲग्नेस : हळू बोल.

एमिल : का?

ॲग्नेस : ट्रेलरकडे बघ. हळू. मान वळव फक्त.

एमिल : दार उघडंच आहे. आपण रविवारपासून उघडंच ठेवलंय, गवत टाकून, ट्रक जोडून. त्यापायी गुरुवारी डॉमिनोला मला फ्रँकच्या ट्रकमधून जावं लागलं. त्याचा ट्रकही आता... अगं. झाडामागे कुणी नाहीये.

ॲग्नेस : नाही.

एमिल : आत आहे?

ॲग्नेस : आत आहे. स्वतःहून गेली. मी पहाटेची माळ जपत इथं उभी होते. ती आली, फळीला नाक लावलं, बराच वेळ हुंगत राहिली. एक पाय ठेवला. काढला. परत ठेवला. मग सरळ आत. जमीन तिरकी लागत नाही हे कळलं असणार तिला. आता गवत खातेय. कान पुढे आहेत.

एमिल : दुखरा पाय?

ॲग्नेस : टेकलेला आहे. चारही टेकलेले आहेत, एमिल.

एमिल : माझ्या डोळ्यांना काय झालंय बघ. हे गवताचे कण फार त्रास देतात सकाळचे.

ॲग्नेस : हो. मलाही.

एमिल : मग मंगळवारी ठरल्याप्रमाणे निघू आपण. टायर बघतो, कॉफी भरून घेतो...

ॲग्नेस : आत्ता निघायचं.

एमिल : आत्ता? मी रात्रीच्या कपड्यांत आहे.

ॲग्नेस : पट्ट्यापट्ट्यांचे छान दिसतात. ती बाहेर आली तर पुन्हा कधी जाईल सांगता येतं का? तू मागचं दार लाव. आपटू नकोस. बाळ झोपलेल्या खोलीचं लावतोस तसं.

एमिल : पायात सपाता आहेत माझ्या.

ॲग्नेस : चालेल.

एमिल : पाकीट?

ॲग्नेस : माझी पर्स काल रात्रीच ट्रकमध्ये ठेवलीय. आणि कोलाचे. आणि तिचं पाणी.

एमिल : काल रात्री? म्हणजे तुला माहीत होतं?

ॲग्नेस : माहीत नव्हतं. तयारी ठेवली होती.

(मागचं दार मिटल्याचा, कडी सरकल्याचा बारीक आवाज. आत गवत चावणं थांबतं. मग पुन्हा सुरू होतं.)

एमिल : लावलं. ऐकलंस का? जराही वाजलं नाही. आता सरक, मी चालवतो.

ॲग्नेस : तुझा चष्मा कुठे आहे?

एमिल : घरात. उशापाशी. आणतो.

ॲग्नेस : पायऱ्या करकरतात, कुत्रं उठेल, ते भुंकेल. तू त्या बाजूने बस.

एमिल : तू चालवणार? हा ट्रक? तू कधी चालवला नाहीस हा.

ॲग्नेस : कारण मला यातून जमीन दिसायची नाही. आता दिसते. फाटक दिसतं, चर दिसतो, तुझ्या सपाता दिसतात. बस.

एमिल : बरं. बसलो. चर आला. हळू.

ॲग्नेस : हळूच आहे.

एमिल : मान आपटली?

ॲग्नेस : नाही.

एमिल : वीतभर फट?

ॲग्नेस : आहे. वळून वळून बघू नकोस, मान धरेल.

एमिल : फोर्ट स्टॉकटनच्याही पलीकडे जायचंय. दिवसभराचा रस्ता. मी पेट्रोल पंपावर या पट्ट्यापट्ट्यांत उतरणार?

ॲग्नेस : मी उतरेन. मला आता सोपं आहे.

एमिल : लिओनाला फोन करू? निघालो म्हणून?

ॲग्नेस : नको. ती दुपारपासून त्या कप्प्यातच असेल, खुर्चीवर. तिथंच भेटू दे त्यांना.

एमिल : ... पूल आला.

ॲग्नेस : दिसला.

एमिल : थांबून बघू का मागे? बसली असेल तर?

ॲग्नेस : आरशात तिचे कान दिसतायत. उभी आहे.

एमिल : पूल गेला, ॲग्नेस. पूल गेला आणि ती उभी आहे. मार्चमध्ये इथंच...

ॲग्नेस : हो.

एमिल : काय पुटपुटतेयस? माळ?

ॲग्नेस : ती झाली. मिल्काशी बोलतेय.

एमिल : तिला मागे ऐकू येतं का?

ॲग्नेस : नसेल येत. पुढे वळण आहे, तेवढं सांगून ठेवलं.